अपिलाचा काळ कोणाच्या खर्चाने?

१/ कामगाराने मालकाविरुद्धचा दावा जिंकला, एवढ्याने त्याच्या हाती पगार पडत नाही. निकाल आणि पगार यांच्यामध्ये अपील उभे असते. भारतीय कामगार कायद्याचा पुष्कळसा इतिहास या मधल्या काळाचा आहे.

२/ १९५० मध्ये औद्योगिक विवादांसाठी स्वतंत्र अपील न्यायाधिकरण स्थापन झाले. मुंबईच्या गिरण्यांच्या प्रकरणात त्याने बोनसचे सूत्र घालून दिले: नफ्यातून घसारा, यंत्रांचे नूतनीकरण, प्राप्तिकर आणि भांडवलावरील परतावा आधी वजा करायचा, उरेल त्यात कामगारांचा वाटा. त्याच वर्षी मुंबईतील गिरणी कामगारांनी बोनससाठी ६३ दिवस संप केला.

३/ हे न्यायाधिकरण सदैव मालकधार्जिणे होते, असे मात्र नाही. १९५४ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या प्रकरणातील त्याचा निर्णय सरकारनेच कर्मचाऱ्यांच्या तोट्याच्या दिशेने बदलला. त्या निषेधार्थ केंद्रीय कामगारमंत्री व्ही. व्ही. गिरी यांनी राजीनामा दिला.

४/ मोठी तक्रार होती ती विलंबाची आणि खर्चाची. १९५६ च्या दुरुस्तीने न्यायाधिकरण रद्द झाले. विलंब रद्द झाला नाही. संविधानाच्या अनुच्छेद २२६ व २२७ खाली उच्च न्यायालय आणि १३६ खाली सर्वोच्च न्यायालय, ही दारे खुलीच होती. ज्याच्यापाशी वकिलाची फी आणि थांबण्याची ऐपत, त्याला ती अधिक खुली.

५/ अखेर १९८२ च्या दुरुस्तीने औद्योगिक विवाद कायद्यात कलम १७-ब आले. ते १९८४ मध्ये अमलात आले. कामगाराला परत कामावर घेण्याच्या निवाड्याला मालकाने वरच्या न्यायालयात आव्हान दिले, तर प्रकरण प्रलंबित असेपर्यंत अखेरच्या पगाराइतके वेतन मालकाने द्यावे. अट एकच: आपण अन्यत्र नोकरीस नाही, असे प्रतिज्ञापत्र कामगाराने द्यावे.

६/ पुढे देना बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचा अर्थ सांगितला. ही रक्कम निर्वाहभत्त्याच्या स्वरूपाची आहे. निवाडा फिरला तरी ती परत मागता येत नाही. पण ‘अखेरचा पगार’ म्हणजे नोकरी गेली त्या दिवशीचा. अपील दहा वर्षे चालले, तरी आकडा तोच.

७/ खालचे न्यायालय चुकू शकते, म्हणून अपिलाचा हक्क मालकालाही असलाच पाहिजे. मात्र त्या हक्काची किंमत रिकाम्या डब्याने घरी बसलेल्याने चुकवावी, हे न्यायाचे तत्त्व नव्हे. कलम १७-ब ने हे मान्य केले, पण महागाईच्या दाराशी येऊन ते थांबले. वाट पाहण्याच्या काळातले वेतन चालू दराने मिळेल, तेव्हाच अपील हे निकाल तपासण्याचे साधन राहील. एरवी ते कामगाराला थकवण्याचे साधन ठरते.