कपाटाची किल्ली कुणाकडं?



आमच्या वस्तीतली वाचनालयाची शाखा बंद करायचं ठरलंय. ठरवलं कुणी? तालुक्याच्या गावातल्या कार्यकारिणीनं. कारण? तर म्हणे, वाचक येत नाहीत.

वा रे न्याय! शाखा उघडते संध्याकाळी पाचला आणि सहाला कुलूप. आमचा माणूस पाचला कुठं असतो? मोंढ्यात असतो, हळदीच्या पोत्याखाली. आमची आई-बहीण दुसऱ्याच्या रानातून परतीच्या वाटेवर असते. पोरगं गॅरेजात काळं झालेलं असतं. यांचा दिवस मावळतो तेव्हा आठ वाजलेले असतात, आणि आठला शाखेत अंधार. मग रजिस्टरात सह्या कमी. सह्या कमी म्हणून वाचक नाहीत. वाचक नाहीत म्हणून शाखा नको. असा हा हिशेब. वाचनालयाचं नाव घेत नाही, कारण असल्या कार्यकारिण्या हिंगोलीपासून मुंबईपर्यंत गावोगाव आहेत, आणि एकीचं नाव घेतलं की बाकीच्या सुटल्या.

शाखा उघडणाऱ्या माणसावर माझा राग नाही. त्याचं पोट बघा. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा. त्या कायद्यानं गावातलं वाचनालय सरकार स्वतः चालवत नाही. गावानं चालवायचं आणि सरकारनं अ, ब, क, ड असे वर्ग पाडून अनुदान फेकायचं. वर्ग पाडायची सवय या देशाला जुनीच, पुस्तकालाही सोडलं नाही. सगळ्यात तळाचा ड वर्ग. खेड्यातली, वस्तीतली वाचनालयं बहुतेक त्यातच. ड वर्गाचं अनुदान २०१२ पासून वर्षाला ३० हजार होतं. म्हणजे दिवसाला ब्याऐंशी रुपये. त्यात पुस्तकं, वर्तमानपत्रं, लाइट, भाडं, आणि अर्धे पैसे पगाराचे. अर्धे म्हणजे वर्षाला १५ हजार, महिन्याला १२५० रुपये. हा ग्रंथपालाचा पगार! दहा वर्षं एक पैसा वाढला नाही. मग ६० टक्के वाढ जाहीर झाली, टाळ्या पडल्या. ४८ हजार झाले, म्हणजे पगार महिन्याला दोन हजार. रोजगार हमीवर माती उचलणाऱ्या बाईला महिनाभर काम मिळालं तर ती यापेक्षा जास्त कमावते. वेतनश्रेणी द्या, सेवाशर्ती द्या म्हणून ग्रंथालय कर्मचारी आझाद मैदानात बसून बसून म्हातारे झाले. व्यंकप्पा पत्की समितीच्या शिफारसी कागदावर पिवळ्या पडल्या.

तेव्हा असल्या पगारात माणूस एक तास कुलूप उघडतो, हेच लई झालं.

मे २०१२ मध्ये सरकारनं महसूल खात्याची माणसं पाठवून राज्यभरातली वाचनालयं एका झटक्यात तपासली. तपासायलाच पाहिजे होती. पुढाऱ्याच्या वाड्यावर नुसती पाटी, आत जनावरांचा कडबा, आणि अनुदान चालू, असली वाचनालयं आपण सगळ्यांनी पाहिलीत. त्यांचं खाणं बंद झालं तर आमचं काय गेलं? पण औषध कसलं काढलं बघा. नवीन मान्यता बंद, वर्ग वाढवणं बंद. हे दार पुढची दहा वर्षं उघडलं नाही. म्हणजे चोरी केली वाड्यानं आणि दार लावलं वाड्याबाहेरच्यांना. ज्यांची वाचनालयं पन्नास-पाऊणशे वर्षांची, मोक्याच्या जागी, पक्क्या इमारतीत, त्यांचा अ वर्ग शाबूत. आमच्या पोरांनी समाजमंदिरात वर्गणी काढून कपाट मांडलं, तर त्याला मान्यताच नाही. मान्यता नाही म्हणून ग्रँट नाही, आणि ग्रँट नाही म्हणून पुन्हा शहाणे विचारतात, तुमच्यात वाचनसंस्कृती कामून नाही?

वाचनसंस्कृती! हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. सहा डिसेंबरला दादरला जाऊन बघा. रेल्वेच्या जनरल डब्यातून उभ्यानं आलेला माणूस, पायात धड चप्पल नाही, चैत्यभूमीवर नमस्कार करतो आणि शिवाजी पार्कात पुस्तकांच्या स्टॉलवर वाकतो. पिशवीत भाकरी आणि पुस्तक. नागपूरला दीक्षाभूमीवर तेच. जगात कुठल्या जत्रेत माणसं नारळ-प्रसादाऐवजी पुस्तकं घेऊन घरी जातात, सांगा मला! आणि या माणसाला तुम्ही म्हणता, वाचत नाही?

उलट त्यानं वाचू नये याची व्यवस्था चोख आहे. बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड सरकार १९७९ पासून काढतंय. खंड संपतात, छापत नाहीत. २०१७ साली नऊ लाख प्रती छापायचं ठरलं, ५ कोटी ४५ लाखांचा कागद घेतला, आणि चार वर्षांत छापल्या किती? ३३ हजार. बाकी कागद गोदामात. २०२१ साली वर्तमानपत्रात बातमी आली आणि मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. तोवर कुणाच्या डोळ्यात पाणी नाही. आणि हेच सरकार उत्कृष्ट ग्रंथालयाला दरवर्षी पुरस्कार देतं, तो कुणाच्या नावानं? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या! नाव पुरस्काराला, कागद गोदामाला, कुलूप आमच्या शाखेला.

बाबासाहेबांना वाचनालय म्हणजे काय ते माहीत होतं. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा काढली, तेव्हा तिच्या उद्देशांत वसतिगृहांबरोबर वाचनालयंही लिहिली. नोकरी, राखीव जागा, निवडणुकीची तिकिटं हे सगळं पुढचं. आधी वाचनालय. त्या माणसानं मुंबईत घर बांधलं तेही पुस्तकांना जागा पाहिजे म्हणून. मराठवाड्यात १९५० साली मिलिंद कॉलेज उभं केलं, तेव्हा आमचे आजे निजामाच्या राज्यातून नुकते बाहेर पडले होते आणि गावकीच्या वेठीतून पडायचे होते. हा जिल्हा १९९९ पर्यंत परभणीत होता. १९७८ साली विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला, तर मराठवाड्यात आमच्या वस्त्या पेटवल्या. कशासाठी? एका पाटीवरच्या नावासाठी! पुस्तकाच्या दारावर आमचं नाव नको, हा जुना राग आहे. आता तो पेटवत नाही, ठराव करून शाखा बंद करतो. सुधारलाय.

आता घरातलं बोलतो. ऐकून घ्या.

आमच्या जयंतीला डीजे येतो. तीन रात्री भिंती हादरतात. कमानीवर पुढाऱ्यांचे फोटो, बाबासाहेब कोपऱ्यात. त्या एका डीजेच्या पैशात वस्तीचं वाचनालय वर्षभर ड वर्गाच्या ग्रँटइतकं चालतं. समाजमंदिराची किल्ली कुणा एका भाऊच्या खिशात, आत मंडपाचे बांबू. दलित वस्तीच्या निधीतून नाली होते, रस्ता होतो, पेव्हर ब्लॉक होतो, कारण त्यात ठेकेदाराला खायला मिळतं. पुस्तकाच्या कपाटात किती खाणार? म्हणून ते कुणी मागत नाही. जयंतीला अठरा तास अभ्यास करणारी पोरंही आमचीच, त्यांना सलाम. पण एकोणिसाव्या तासाला त्यांनी कुठं बसायचं?

दुसरी गंमत. जिथं वाचनालय मरतं तिथं अभ्यासिका उगवते. महिन्याला पैसे भरा, खुर्ची घ्या, गाईड रटा. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी. नोकरी पाहिजेच, भुकेल्याला कोण शहाणपण शिकवणार? पण गाईड वाचणारा पोरगा साहेब झाला तर वस्तीकडं पाठ फिरवून जातो, हेही आम्ही पाहिलंय. बागूल, ढसाळ, दया पवार हे काही कुठल्या परीक्षेच्या अभ्यासक्रमातून निघाले नाहीत.

तर शाखेचं काय? पोरांनी कार्यकारिणीकडं एकच गोष्ट मागितली: वेळ बदला, सातला उघडा, दहाला बंद करा, माणूस आमचा. उत्तर आलं, नियमात बसत नाही. मग घरोघरी फिरलो. घरटी दर महिना वीस रुपये. पहिला नकार एका मास्तरानं दिला आणि पहिले वीस रुपये केरसुण्या विकणाऱ्या आजीनं दिले. तिला वाचता येत नाही. ती म्हणाली, ‘बाबा, नातीला वाचू दे अन् मला ऐकू दे.’

मागणी भीक नाही. तामिळनाडूत मद्रासच्या १९४८ च्या कायद्यापासून घरपट्टीवर ग्रंथालय उपकर आहे, कर्नाटकात १९६५ च्या कायद्यापासून आहे. ठरलेला पैसा ठरलेल्या कामाला. महाराष्ट्र स्वतःला पुरोगामी म्हणवतो आणि त्याच्या कायद्यात उपकर नाही. तो लावा. नगरपालिकेनं आणि ग्रामपंचायतीनं वस्तीतल्या वाचनालयाचं भाडं-लाइट भरावं. ग्रंथपालाला किमान वेतन द्या. वस्तीच्या वाचनालयाला दोन वर्षं चालवून दाखवल्यावर थेट मान्यता द्या, आणि बाबासाहेबांचे खंड प्रत्येक ड वर्गात फुकट पोचवा, गोदामातला कागद काय वाळवीसाठी घेतला?

कार्यकारिणीची माणसं कपाटं न्यायला टेम्पो घेऊन येणार आहेत. पोरांनी पाळ्या लावल्यात, रात्रीच्या दोन आणि दिवसाच्या दोन. दिवसाची पाळी बाया धरतील. कुणी हात उगारायचा नाही, कपाटासमोर बसून मोठ्यानं वाचायचं, एवढंच ठरलंय. शहरातल्या दोस्तांनी येताना हारतुरे आणू नयेत. घरात वाचून झालेली पुस्तकं आणावीत, धार्मिक पोथ्या आणि जुनी गाईडं सोडून. आणि एक ट्यूबलाइट.