उतारावर गिअर कुठला, हे लायसन्स देताना तुम्हाला कुणी विचारलं होतं?

दर वेळी बातमी तीच असते. उतारावर एका गाडीचे 'ब्रेक फेल' झाले, तिने पुढच्या गाड्या ठोकल्या, इतके गेले, इतके जखमी. खाली कमेंटमध्ये ट्रकवाल्यांचा उद्धार, रस्ता बांधणाऱ्यांचा उद्धार, सरकारचा उद्धार. चार दिवसांनी सगळं शांत. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या नवले पुलाजवळ एका ट्रकने कितीतरी गाड्यांना धडक दिली, तेव्हाही पहिला शब्द 'ब्रेक फेल' हाच आला. मग चर्चा सुरू झाली ती त्या उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची.

पण आज मला ट्रकवाल्यांबद्दल बोलायचं नाहीये. आपल्याबद्दल बोलायचंय. पांढरी नंबरप्लेट, हप्त्यांवर घेतलेली गाडी, मागच्या काचेवर 'आई-बाबांचा आशीर्वाद'. ताम्हिणी उतरताना आपल्यातले किती जण गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवतात? आणि किती जण न्यूट्रल करून, ब्रेकवर पाय ठेवून, 'बघ, पेट्रोल वाचतंय' म्हणत खाली येतात? प्रामाणिकपणे मोजा.

आता नियमात काय लिहिलंय ते बघा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९. नियम १५. परीक्षा देणाऱ्याला काय काय जमलं पाहिजे याची यादीच त्यात आहे. इंजिनावर ताण यायच्या आत गिअर बदलता आला पाहिजे. उतारावर पटकन खालच्या गिअरमध्ये येता आलं पाहिजे. खड्या चढावर गाडी थांबवून, जराही मागे न येऊ देता, पुन्हा काढता आली पाहिजे. हे कुणा गाडीवेड्या माणसाचं मत नाही. पस्तीसहून जास्त वर्षं कागदावर असलेला नियम आहे.

आणि आता तुमची टेस्ट आठवा. सपाट मैदान. पहिला गिअर, फार तर दुसरा. थोडं पुढे, थोडं मागे, एखादं वळण. झालं, उतरा. चढ होता का? उतार होता का? गाडी क्लासचीच होती ना? नियमाने ज्याची परीक्षा घ्यायला सांगितलंय, ते बघितलंच जात नसेल, तर त्या प्लास्टिकच्या कार्डावर नेमकं काय प्रमाणित झालंय? तुमचा फोटो आणि पत्ता.

क्लासचंही तेच. नियम ३१ म्हणतो, खासगी मोटारीसाठी प्रशिक्षण किमान २१ दिवसांचं आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवणं किमान १० तास. २०२१ पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांची जी योजना आली, तिच्यात तर हलक्या वाहनांचा कोर्स २९ तासांचा आहे, त्यातले २१ तास प्रात्यक्षिकाचे. आणि गल्लीतल्या क्लासची पाटी काय म्हणते? 'पंधरा दिवसांत ड्रायव्हिंग शिका.' रोज अर्धा तास. पंधरा दिवसांचे झाले साडेसात तास. त्यातही आधीच्या मुलाला घरी सोडायचं, पुढच्याला उचलायचं, मध्ये सरांचा फोन. हाताला लागतात चार-पाच तास.

आणि त्या चार-पाच तासांतही क्लच तुमचा नसतो! क्लासच्या गाडीत सरांच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतो. असायलाच हवा, सुरक्षेसाठी आहे. पण गाडी बंद पडली की सिग्नलला मागचे हॉर्न मारतात, वेळ जातो, म्हणून सर स्वतःच क्लच सांभाळत राहतात. तुम्ही फक्त स्टिअरिंग फिरवता आणि म्हणता, 'वा, जमतंय की!' सोळाव्या दिवशी स्वतःच्या गाडीत बसलात की पहिल्याच स्पीडब्रेकरला गाडी बंद. कारण हाफ क्लच म्हणजे काय, हे तुमच्या पायाला कधी कळलेलंच नसतं.

खरं तर हे शिकवायला काय लागतं? एक मोकळा रस्ता आणि एक तास. अॅक्सिलरेटरला हात, म्हणजे पाय, न लावता फक्त क्लच हळूहळू सोडून गाडी हलवायची. वीस वेळा, तीस वेळा. गाडी कुठे थरथरते आणि कुठे पुढे सरकायला लागते, ती जागा पायाला पाठ झाली की अर्धी गाडी आली. मग एका चढावर जायचं. हँडब्रेक ओढायचा, क्लच त्या जागेपर्यंत आणायचा, थोडा अॅक्सिलरेटर द्यायचा, गाडी ओढ घ्यायला लागली की हँडब्रेक सोडायचा. गाडी एक इंचही मागे येत नाही. हे ज्याला येत नाही तो गणपतीत घाटातल्या ट्रॅफिकमध्ये हाफ क्लचवर गाडी तोलून धरतो, प्लेट जळाल्याचा वास येतो, आणि मग कंपनीला शिव्या देतो.

उतरताना साधा हिशोब आहे. ज्या गिअरमध्ये हा घाट चढला असतात, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिनच गाडीला मागे धरून ठेवतं. ब्रेक अधूनमधून लावायचे, सतत दाबून धरायचे नाहीत. न्यूट्रल केलंत की ते धरून ठेवणारं कुणी उरत नाही, सगळं वजन ब्रेकवर. ब्रेक तापतात, आणि तापलेले ब्रेक पकडत नाहीत. यालाच आपण मग 'फेल' म्हणतो. इंजिन बंद केलंत तर आणखी वाईट, दोन-चार वेळा दाबल्यावर ब्रेकचं पेडल दगडासारखं घट्ट होतं.

आणि पेट्रोलचं म्हणाल, तर तेही वाचत नाही हो. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत, गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटर सोडला की इंजिनाला जाणारं इंधन बंद होतं, कारण चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन जळत राहतं. म्हणजे जीवही धोक्यात आणि पेट्रोलही खर्च.

आता येणारे आक्षेप. पहिला, 'आता सगळ्या गाड्या ऑटोमॅटिकच येणार, कशाला डोकं लावायचं?' येतील तेव्हा येतील. आज रस्त्यावर असलेल्या बहुतेक गाड्या क्लचच्या आहेत आणि सेकंडहँड बाजारात त्या अजून कित्येक वर्षं फिरणार आहेत. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिकवर परीक्षा दिलीत तर क्लचची गाडी चालवायची परवानगी मिळत नाही. आपल्याकडे मोटारीचं लायसन्स एकच. आणि उतारावर ब्रेक ऑटोमॅटिकचेही तापतात बरं!

दुसरा, 'चालवता चालवता येतं सगळं.' येतं ना. पण कुणाच्या जिवावर येतं? मागे स्कूटरवर पोराला घेऊन उभी असलेली बाई तुमच्या सरावाला साहित्य म्हणून उभी नाहीये.

या सगळ्यात सगळ्यात जास्त कुचंबणा बायकांची होते, त्याबद्दल कुणी बोलत नाही. क्लास लावला, लायसन्स आलं, आणि पहिल्याच चढावर गाडी मागे आली. शेजारी बसलेला नवरा ओरडला. त्यानंतर गाडीची किल्ली कायमची त्याच्या खिशात. वर फॉरवर्ड फिरवायला आपण मोकळे, 'बायकांना गाडी येत नाही.' अहो, तिला शिकवलंच नाही कुणी! फी मात्र पूर्ण घेतली.

मागणं फार मोठं नाही. ज्याची परीक्षा नियम १५ मध्ये लिहिली आहे, ती घ्या. प्रत्येक टेस्टच्या मैदानात एक मातीचा का होईना, चढ बांधा. तिथे गाडी थांबवून पुन्हा काढता आली नाही तर लायसन्स नाही, मग तो कुणाचाही भाचा असो. क्लासवाल्यांनी प्रत्यक्ष चालवल्याचे तास लिहून, शिकणाऱ्याची सही घेऊन ठेवावेत.

आणि सरकार जागं होईपर्यंत तुम्ही एवढं करा. घरातलं कुणी क्लासला जात असेल तर फी भरण्याआधी तीन प्रश्न विचारा. दहा तास पूर्ण चालवायला देणार का? चढावर नेणार का? शेवटचे काही दिवस तुमचा पाय क्लचवरून काढणार का? 'तसं काही लागत नाही ओ' असं उत्तर आलं, तर दुसरा क्लास बघा.

ज्यांना पटत नसेल त्यांनी खाली जरूर भांडावं. फक्त आधी सांगा, शेवटचा घाट कुठल्या गिअरमध्ये उतरलात?