एका दृष्टान्ताचा सिद्धान्त

गेल्या महिन्यांतील गोष्ट. माझे एक जुने स्नेही सायंकाळीं घरीं आले. सूनबाई चहा ठेवून आंत जातांच त्यांनीं खिशांतून टेस्टोस्टेरॉनच्या मलमाची नळी काढिली आणि हळू आवाजांत म्हणाले, "मास्तर, घरांत कोणास ठाऊक नाहीं. लावूं कीं नको?" दोन वर्षांपूर्वीं कर्करोगामुळें त्यांची प्रोस्टेट ग्रंथि शस्त्रक्रियेनें काढावी लागली. रोग परतला नाहीं. परंतु अंगांतील शक्ति व मनाची उमेद गेली. कोणा हितचिंतकानें हें औषध आणून दिलें. डॉक्टरांस विचारण्याची लाज वाटली, म्हणून माझ्याकडे आले!

मी वैद्य नव्हें. जन्मभर मुलांस संस्कृत शिकविलें एवढेंच. तरी हा प्रश्न ज्यांच्या घरांत आहे अशीं कुटुंबें थोडीं नाहींत. म्हणून जें वाचलें व जाणत्यांकडून समजून घेतलें, तें येथें मांडितों.

शिकागो विद्यापीठांतील चार्ल्स हगिन्स व क्लॅरेन्स हॉजेस यांनीं १९४१ सालीं दोन गोष्टी सांगितल्या. वृषण काढिले असतां प्रोस्टेटचा पसरलेला कर्करोग मागें हटतो, ही पहिली. ती खरी ठरली. हगिन्स यांस १९६६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, आणि पसरलेल्या रोगांत टेस्टोस्टेरॉन घटविणें हा आजहि मुख्य उपचार आहे. टेस्टोस्टेरॉन टोचल्यास रोग बळावतो, ही दुसरी. तिच्या आधारें हें औषध अनेक दशकें अशा रुग्णांस निषिद्ध मानिलें गेलें. परंतु बोस्टन येथील डॉ. अब्राहम मॉर्गेंटेलर यांनीं मूळ निबंध पुन्हा वाचून २००६ सालीं दाखविलें कीं, औषध तिघांस दिलें होतें, निकाल दोघांचेच छापले होते, आणि त्यांतील एकाचे वृषण आधींच काढिलेले होते. म्हणजे सर्व भिस्त एका रुग्णावर! एका स्वयंपाकघरांतील धूर पाहून कोणी व्याप्ति बांधीत नाहीं.

ग्रंथीच्या पेशी थोड्याच टेस्टोस्टेरॉननें तृप्त होतात, त्यापुढें अधिक मिळालें तरी त्यांची वाढ फारशी होत नाहीं, असें मत मॉर्गेंटेलर यांनीं मांडिलें. भरल्या घागरींत पाणी ओतलें तर तें बाहेरच वाहतें, तसें हें. २००८ सालीं अठरा अभ्यासांची एकत्र छाननी झाली. तींतहि रक्तांतील टेस्टोस्टेरॉनचें प्रमाण व प्रोस्टेटचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाहीं. २०२३ सालीं 'ट्रॅव्हर्स' नामक प्रयोगाचे निकाल आले. त्यांत सुमारें ५,२०० पुरुष होते. हा कर्करोग औषध घेणाऱ्यांपैकीं १२ जणांस, तर न घेणाऱ्यांपैकीं ११ जणांस झाला.

स्नेह्यांचा चेहरा उजळला. पण मी म्हटलें, "थांबा. ज्यांस हा रोग पूर्वीं झाला होता, त्यांस या प्रयोगांत घेतलेंच नव्हतें. त्यांचा निकाल तुम्हांस लावणें हाहि हेत्वाभासच!" अपाय सिद्ध झाला नाहीं, याचा अर्थ निर्धोकता सिद्ध झाली असा नव्हे. अमेरिकेंतील मूत्ररोगतज्ज्ञांच्या संस्थेनें २०१८ सालीं हेंच म्हटलें: अशा रुग्णांच्या बाबतींत लाभहानि मोजण्याइतका पुरावा नाहीं, आणि हें त्यांस स्पष्ट सांगावें. शस्त्रक्रियेनंतर ज्यांचा रोग सौम्य ठरला व परतला नाहीं, त्यांस कांहीं तज्ज्ञ सावधपणें, वारंवार पी. एस. ए. तपासून, हें औषध देतात. रोग पसरला असेल तर मात्र घरच्या विचारानें त्याच्या वाटेस जाऊं नये.

आणखी एक गोष्ट आपल्या भरल्या घरांनीं ध्यानांत ठेवावी. हें मलम अंगास लाविल्यावर कातडीच्या स्पर्शानें दुसऱ्यास लागतें. मांडीवर बसणाऱ्या नातवंडांस अकालीं तारुण्याचीं लक्षणें दिसल्यामुळें अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्यानें २००९ सालीं कडक इशारा छापावयास लाविला. हें ऐकतांच स्नेह्यांनीं नळी पुन्हा खिशांत घातली. त्यांचा धाकटा नातू रोज त्यांच्याच कुशींत निजतो.

दुसऱ्या आठवड्यांत ते पत्नीसह डॉक्टरांकडे गेले. दोन दिवस सकाळीं रक्त तपासलें. टेस्टोस्टेरॉन यथायोग्य निघालें. हिमोग्लोबिन मात्र बरेंच उतरलें होतें. आतां त्याचा उपचार चालू आहे. वहिनी मला एवढेंच म्हणाल्या, "भावोजी, हें आधीं मला सांगितलें असतें तर?" त्यावर मास्तरापाशींहि उत्तर नव्हतें.