पुरावा द्यायचा तो बँकेने

‘ओटीपी दिल्याशिवाय पैसे जात नाहीत. तुमच्या कार्डावरून पैसे गेले, याचा अर्थ ओटीपी तुम्हीच दिला.’ इंदापुरात सायबर जागृतीच्या एका कार्यक्रमात वक्त्यांनी हे इतके ठासून सांगितले, की समोर बसलेल्यांपैकी ज्यांचे पैसे खरोखर गेले होते त्यांनी माना खाली घातल्या. बँकेच्या नोकरीत हयात घालवलेला माणूस बोलतोय म्हटल्यावर उलट कोण विचारणार? हे म्हणणे खोडून काढणे मला भाग वाटते, कारण ते नुसते चुकीचे नाही. त्याने लोकांचे पैसे बुडतात.

त्यांचा पूर्वपक्ष थोडक्यात असा. क्रेडिट कार्ड हे शहरातल्या पगारदाराचे साधन. बारामती-इंदापूरकडचा बागायतदार, दुकानदार ते घेतो ते एजंटाच्या आग्रहापोटी किंवा डिझेलवरच्या सवलतीच्या मोहाने. मग मोबाइलवर येईल त्या लिंकवर बोट ठेवायचे, फोनवर विचारील त्याला आकडे वाचून दाखवायचे आणि बिलात अनोळखी रकमा दिसल्या की बँकेच्या नावाने खडे फोडायचे. बँकेची यंत्रणा पक्की असते, फट असते ती माणसात. तेव्हा मुकाट्याने बिल भरा, पुढच्या वेळी शहाणे व्हा, आणि झेपत नसेल तर कार्ड परत करा. यावर टाळ्याही पडल्या.

पहिला समाचार त्या ओटीपीच्या वाक्याचा घेतो, कारण बाकी सारी इमारत त्यावरच उभी आहे.

ऑनलाइन कार्ड व्यवहाराला दुसऱ्या पडताळणीची सक्ती रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून केली, हे खरे. पण ती सक्ती देशातल्या व्यवहारांना. परदेशातल्या दुकानदाराला आपल्या रिझर्व्ह बँकेचा हुकूम लागू नाही. कार्डाचा नंबर, मुदतीचा महिना आणि पाठीमागचे तीन आकडे एवढ्यावर तिथल्या कितीतरी संकेतस्थळांवरचे व्यवहार पूर्ण होतात. ओटीपी तिथे येतच नाही, मग तो द्यायचा कुठून? ही फट माझ्या कल्पनेतली नव्हे. परदेशी दुकानदाराने पडताळणी मागितली तर ती करता येईल अशी व्यवस्था १ ऑक्टोबर २०२६ पर्यंत उभी करा, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये कार्ड देणाऱ्यांना बजावले. फट नव्हतीच, तर हा आदेश कशासाठी निघाला? आणि त्यातही ‘मागितली तर’ ही अट आहेच.

देशातसुद्धा प्रत्येक व्यवहाराला गुप्त आकडा लागतो असे नाही. १ जानेवारी २०२१ पासून मशीनला नुसते कार्ड टेकवून पाच हजारांपर्यंतची रक्कम पिनशिवाय जाते. कार्ड हरवले आणि ते सापडलेल्या माणसाने दुकानात टेकवले, तर कुठला ओटीपी दिला म्हणायचे?

‘मग कार्डाचा नंबर चोराला कळला कसा? तुम्हीच कुठेतरी दिला,’ असा पुढचा प्रश्न येतो. नंबर कळावाच लागतो असे नाही. सोळा आकड्यांपैकी सुरुवातीचे सहा-आठ आकडे बँकेची ओळख सांगतात आणि त्या प्रकारच्या सगळ्या कार्डांवर ते सारखेच असतात. शेवटचा आकडा आधीच्या पंधरा आकड्यांवरून गणिताने निघतो. उरले मधले काही. मुदतीचे महिने मोजकेच आणि पाठीमागच्या तीन आकड्यांच्या शक्यता फक्त एक हजार. संगणकाला असे अंदाज बांधत बसायला कंटाळा येत नाही. जुळलेले कार्ड चालू आहे की नाही हे पाहायला चोर आधी किरकोळ रक्कम काढतो, ती गेली की मोठीला हात घालतो. कपाटात पाकिटासकट पडून असलेले कार्डही असे सापडू शकते.

माझ्या नात्यातल्या एका डाळिंब बागायतदाराचे बिल मी ओळ न् ओळ वाचले आहे. राहायला निमगाव केतकीकडे. कार्डाचा उपयोग दोनच: गाडीचे डिझेल आणि बारामतीच्या दुकानातून ठिबकचे सामान. या ओळखीच्या ओळींच्या मध्येच एक ओळ दोन डॉलरची. दुकानाचे नाव म्हणून इंग्रजी अक्षरे आणि आकडे एकमेकांत मिसळलेले, अर्थ काही लागत नाही. त्याखाली त्याच नावाच्या, शेकड्यांतल्या डॉलरच्या ओळी. प्रत्येकीखाली परकीय चलनाचे शुल्क आणि त्या शुल्कावर वेगळा जीएसटी. म्हणजे चोरी झाली ती झालीच, वर तिच्यावर बँकेने शुल्क आणि सरकारने करही लावला. व्यवहार मध्यरात्रीनंतरचे. पहाटे फवारणीला उठणारा माणूस रात्री दोन वाजता मोबाइल बघत बसत नाही. फोनमध्ये ओटीपीचा एकही मेसेज नव्हता, होते ते पैसे गेल्याचे. शाखेत पहिला प्रश्न झाला, ‘ओटीपी कुणाला दिला?’ आलाच नाही म्हटल्यावर, ‘नीट आठवून बघा.’ आणि शेवटी सल्ला, ‘आधी बिल भरून टाका, नाहीतर सिबिल खराब होईल.’ बागेवर कर्ज असलेल्या माणसाला सिबिलचा धाक काय असतो, हे त्या टेबलापलीकडच्या साहेबाला चांगले ठाऊक होते.

आता बँकेच्या ‘पक्क्या’ यंत्रणेविषयी. ११ ऑगस्ट २०१८ रोजी आपल्याच पुण्यातल्या कॉसमॉस बँकेच्या एटीएम यंत्रणेत मालवेअर घुसवून, नकली कार्डांनी २८ देशांतून पैसे काढले गेले. दोन दिवसांनी, १३ तारखेला, हाँगकाँगच्या खात्यात आणखी सुमारे १४ कोटी वळवले. सगळे मिळून ९४ कोटींच्या वर. ज्यांच्या कार्डांच्या नकला निघाल्या, त्यांनी कुणाला काही सांगितले म्हणून हे घडले नव्हते. या प्रकरणी एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरवले. त्याआधी २०१६ मध्ये देशातली सुमारे ३२ लाख डेबिट कार्डे एकाच वेळी धोक्यात आली होती, तीही एटीएमचे व्यवहार सांभाळणाऱ्या कंपनीच्या यंत्रणेत मालवेअर शिरल्यामुळे. बँक लुटली गेली की तो आंतरराष्ट्रीय कट असतो, आणि निमगावचा शेतकरी लुटला गेला की तो शेतकऱ्याचा अडाणीपणा असतो! असा दुटप्पी न्याय मला मान्य नाही.

काही जण आकडे खरोखर सांगून बसतात, हे मी नाकारत नाही. काहींच्या व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका, वाहनाचे चलन किंवा पीएम किसानच्या नावाची एपीके फाइल येते. ती उघडली की फोनमधले मेसेज चोर परस्पर वाचतो; त्या माणसाने तोंडाने कुणालाच काही सांगितलेले नसते. पण काही जण चुकले म्हणून सगळेच चुकले, हा न्याय कुठला? ही तर चोर सोडून संन्याशाला सुळी.

बाकीच्या आक्षेपांना एकेक ओळ पुरे. ‘कार्डच घेऊ नका’: चोर माजले म्हणून घरदार विकायचे नसते. ‘रक्कम लहान आहे, सोडून द्या’: ती लहान रक्कम मोठीची चाचणी असते. ‘तक्रार करून काय होते?’: सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या १९३० या क्रमांकावर वेळेत कळवले तर पैसे वाटेतच गोठवता येतात.

हे भांडण तसे नवे नाही. उसाच्या वजनाचा वाद आठवा. साखर कारखान्याच्या काट्यावर खेप कमी भरली म्हणून शेतकऱ्याने आवाज उठवला की उत्तरे ठरलेली: ऊस वाळला असेल, पाचट जास्त असेल, वाटेत मोळ्या सांडल्या असतील. काटा बरोबर आहे हे काटेवाल्याने दाखवावे, असे कुणाच्या तोंडून निघत नसे. गाडी आधी बाहेरच्या काट्यावर तोलून मगच आत न्यायची, या आग्रहासाठी किती हंगाम भांडावे लागले! त्या वेळी आम्हाला ‘संस्था बुडवायला निघालेले’ म्हटले गेले. काटा तपासून मागितल्याने संस्था बुडत नसते, तिच्यावरचा विश्वास वाढतो, हे मी तेव्हाही म्हणत होतो. भरमसाट वीजबिलाचे तेच. ‘आधी भरा, मग तक्रार करा.’ ज्याच्या हाती काटा, मीटर किंवा सर्व्हर, त्याचा शब्द प्रमाण आणि ज्याचे गेले त्याने सिद्ध करायचे, ही खोड आपल्याकडे मुरलेली आहे. वक्त्यांनी तिला आता जागृतीचे नाव दिले एवढेच.

आणि नेमके याच मुद्द्यावर कायदा वक्त्यांच्या विरुद्ध आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने स्पष्ट सांगितले की ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचे ओझे बँकेवर आहे. सहकारी बँकांसाठीही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तसेच परिपत्रक निघाले. चूक बँकेकडची असेल, तर ग्राहकाला काहीच भरावे लागत नाही. चूक बँकेची नाही, ग्राहकाचीही नाही, गडबड मध्येच कुठेतरी झाली, अशा वेळी मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तरी ग्राहकाची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवस लागले, तर पाच लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डावर जास्तीत जास्त दहा हजार. त्यानंतर बँकेच्या धोरणाप्रमाणे. दिवस मोजायचे ते आपल्या शाखेच्या कामकाजाप्रमाणे, आणि मेसेज आला तो दिवस धरायचा नाही. कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने रक्कम तात्पुरती जमा करायची आणि नव्वद दिवसांत निकाल लावायचा. ज्याने स्वतः ओटीपी दिला त्याचेही नुकसान कळवण्याच्या क्षणापर्यंतच; त्यानंतर जे जाईल ते बँकेचे.

आता वक्त्यांच्या उपदेशाची किंमत काढा. ‘चूक तुमचीच’ हे ऐकलेला माणूस शरमेने गप्प बसतो. घरात सांगत नाही, शाखेची पायरी चढत नाही. पोराला सुट्टी मिळाली की बघू, असे म्हणतो. तेवढ्यात तीन दिवस संपतात आणि शून्याचे दहा हजार होतात. आठवडा उलटला की सगळेच बँकेच्या मर्जीवर. चोराने जे नेले ते नेले. त्यानंतरचा भुर्दंड या उपदेशामुळे बसतो. त्या सभागृहातून माना खाली घालून गेलेल्यांपैकी कुणाचे तीन दिवस तेव्हा चालू असतील, तर त्याचे नुकसान त्या भाषणाने केले, असे मी स्वच्छ म्हणतो.

आता मंडन. माझे मागणे फार नाही. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या प्रत्येक शाखेत २०१७ च्या नियमाचा मराठी फलक दर्शनी भागात लावावा. वादग्रस्त व्यवहाराचा अर्ज मराठीत मिळावा आणि पोच हातोहात द्यावी. ‘आधी भरा’ असे कुणी म्हणू नये, कारण फसवणूक म्हणून वाद घातलेल्या रकमेवर निकाल लागेपर्यंत कसलाही आकार लावता येत नाही, असे क्रेडिट कार्डांविषयीचे रिझर्व्ह बँकेचे निर्देशच सांगतात. जागृतीच्या कार्यक्रमांत पहिली पंधरा मिनिटे ग्राहकाच्या हक्कांना द्यावीत, उपदेश नंतर. निमगावच्या त्या बागायतदाराने लेखी अर्जात २०१७ च्या परिपत्रकाची तारीख घातली, तेव्हाच टेबलापलीकडची भाषा बदलली आणि रक्कम तात्पुरती जमा झाली.

वाचकांना सांगणे एवढेच. परदेशी व्यवहाराचे बटण कार्डाच्या ॲपमध्ये असते. गरज नसेल तर ते आजच बंद करा. अनोळखी रक्कम दिसताच, ती दोन डॉलरची का असेना, कार्ड बंद करा, बँकेला कळवून तक्रार क्रमांक घ्या आणि १९३० वर फोन करा. दुसऱ्या दिवशी शाखेत लेखी अर्ज द्या. बिलातली आपली खरी रक्कम वेळेवर भरा, वादातली भरू नका. तीस दिवसांत बँकेने समाधान केले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा. त्याला एक रुपयाही लागत नाही. तेही पुरले नाही, तर ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे शुल्क नाही. आणि शाखेत कुणी ‘ओटीपी कुणाला दिला?’ असे विचारले, तर मान खाली घालू नका. ‘दिला असेल तर तुम्ही सिद्ध करा, नियम तसाच आहे,’ असे सांगा आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय तिथून उठू नका.