सीमाभागातील मधुमेही : तज्ज्ञ आहे, संवाद नाही

सीमाप्रश्न म्हटला की आपल्यासमोर ८६५ गावांची यादी येते, १९५६ ची भाषावार प्रांतरचना येते, महाजन अहवाल येतो आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला महाराष्ट्राचा दावा येतो. शाळा, सातबारा उतारे, दुकानांचे फलक यांवर आम्ही या पानावर पुष्कळ लिहिले आहे आणि पुढेही लिहिणार आहोत. पण याच प्रश्नाची एक बाजू अशी आहे की, तिच्यासाठी कधी मोर्चा निघत नाही. ती आहे दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या मराठी माणसाची, आणि त्यातही ज्याला जन्मभर औषध घ्यावयाचे आहे अशा मधुमेहाच्या रुग्णाची.

गेल्या पावसाळ्यात खानापूर तालुक्यातील एक शेतकरी आपल्या मुलाबरोबर आमच्याकडे आले होते. बारा-तेरा वर्षांचा जुना मधुमेह. चिखलात काम करताना पायाला काहीतरी लागले, ते कळलेच नाही. कळले तेव्हा उशीर झाला होता आणि दोन बोटे काढावी लागली. त्यांच्या पिशवीत एका मोठ्या रुग्णालयाची जाडजूड फाईल होती. त्या फाईलमध्ये पायांची काळजी कशी घ्यावी याचा छापील कागद दोन वर्षांपूर्वीच लावलेला होता. अनवाणी चालू नये, रोज रात्री तळवे पाहावेत, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवाव्यात, असे सारे त्यात व्यवस्थित लिहिले होते. फक्त ते कन्नडमध्ये होते आणि घरात कन्नड वाचणारे कोणी नव्हते. तो कागद मराठीत असता तर बोटे वाचलीच असती, असे आम्ही म्हणणार नाही. पण वाचण्याची एक संधी त्यांना मिळालीच नाही, एवढे निश्चित.

आजार जन्माचा, भेट पाच मिनिटांची

मधुमेह आता शहरी श्रीमंतांचा रोग राहिलेला नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. सर्वांत अधिक प्रमाण आपल्या शेजारच्या गोव्यात, म्हणजे २६.४ टक्के आढळले.

हाडांचा डॉक्टर मोडलेला हात जोडतो आणि प्रश्न मिटतो. मधुमेहाचे तसे नाही. यात डॉक्टर वर्षातून चार-सहा वेळा भेटतो आणि बाकीचे दिवस उपचार रुग्णाच्याच हातात असतात. काय खावे, गोळी कधी घ्यावी, इन्सुलिन कसे टोचावे, साखर एकदम उतरली तर काय करावे, हे सारे त्याला समजलेले असावे लागते. जुन्या रुग्णाच्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची, म्हणजे एचबीए१सी ही तपासणी ठरावीक काळाने व्हावी लागते. वर्षातून एकदा डोळ्याच्या पडद्याची, लघवीतील प्रथिनांची, मूत्रपिंडाच्या कामाची आणि पायाच्या संवेदनेची तपासणी व्हावी लागते. कारण डोळा, मूत्रपिंड आणि पायाच्या नसा यांचे नुकसान गाजावाजा न करता होत जाते. दुखू लागते तेव्हा बरेच काही हातचे गेलेले असते.

यासाठी मधुमेहाचे, अंतःस्रावी ग्रंथींचे तज्ज्ञ लागतात, नेत्रपटलाचे तज्ज्ञ लागतात, मूत्रपिंडाचे तज्ज्ञ लागतात. ते कणकुंबीत किंवा जांबोटीत नसतात, बेळगावात असतात. म्हणजे पहिल्या बसने निघायचे, उपाशीपोटी रक्त द्यायचे, जेवणानंतर दोन तासांनी पुन्हा द्यायचे, अहवालाची वाट पाहायची आणि शेवटची बस पकडायची. त्या दिवसाचा रोजगार बुडतो, सोबत येणाऱ्याचाही बुडतो. एवढ्या खटाटोपानंतर डॉक्टरांसमोर मिळतात पाच मिनिटे. ती पाच मिनिटे जर खुणांच्या भाषेत गेली, तर दिवसभराचा खर्च कशासाठी केला?

‘मोदलु’ आणि ‘नंतर’

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. बेळगाव, खानापूर, निपाणी येथील कितीतरी कन्नड भाषक डॉक्टर उत्तम मराठी बोलतात आणि रुग्णाशी मायेने बोलतात. त्यांच्याबद्दल आमची तक्रार नाही. अडचण येते ती मोठ्या रुग्णालयांत. तेथील शिकाऊ डॉक्टर दक्षिण कर्नाटकातून, केरळातून, उत्तरेतून आलेले असतात. परिचारिका बदलत राहतात. छापील सूचना, आहाराचे तक्ते, औषधाच्या खिडकीवरची पाटी यांत मराठी नसते.

‘पायाला मुंग्या येतात’, ‘तळव्याखाली कापूस ठेवल्यासारखे वाटते’, ‘हातपाय गळतात आणि दरदरून घाम सुटतो’ ही आपल्या माणसाची भाषा. पहिल्या दोन वाक्यांवरून नसा बिघडल्याचे कळते, तिसऱ्यावरून साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरत असल्याचे कळते. दुभाषा म्हणून आलेला शेजारी या साऱ्याचे भाषांतर ‘अशक्तपणा आहे’ असे करतो आणि रुग्ण ताकदीच्या गोळ्या घेऊन परततो.

उलट बाजूनेही तेच. कन्नडमध्ये ‘ऊटद मोदलु’ म्हणजे जेवणापूर्वी आणि ‘ऊटद नंतर’ म्हणजे जेवणानंतर. ‘नंतर’ हा शब्द दोन्ही भाषांत एकच असल्याने तो आपल्या माणसाला कळतो, ‘मोदलु’ कळत नाही. जेवणापूर्वी घ्यावयाची गोळी मग जेवणानंतर घेतली जाते, किंवा टोचून घेतल्यावर तासभर जेवणच होत नाही आणि रुग्ण बांधावर घेरी येऊन पडतो. इन्सुलिनच्या बाबतीत चूक जिवावर बेतू शकते. आपल्याकडे बाटलीतले इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटचे असते, पेनात घालावयाचे १०० युनिटचे असते. १०० युनिटचे इन्सुलिन कोणी ४० च्या सिरिंजने ओढले तर डोस अडीच पट जातो. ही गोष्ट समजावण्यास दोनच मिनिटे लागतात, पण ती रुग्णाला कळणाऱ्या भाषेतली असावी लागतात.

आहाराच्या तक्त्यांचेही तसेच. खानापूरच्या माणसाच्या ताटात उकड्या तांदळाचा भात आणि नाचणीची भाकरी, तर बिदर जिल्ह्यातील भालकी-औरादच्या ताटात ज्वारीची भाकरी. त्याला ‘रागी मुद्दे’चा तक्ता दिला तर तो फाईलमध्येच राहतो. भात पूर्ण सोडण्याऐवजी किती वाट्या खावा, सणाच्या दिवशी काय करावे, एकादशीला गोळी घ्यावी की नाही, हे प्रश्न विचारण्याचे धाडस माणूस आपल्याच भाषेत करतो.

दोन राज्ये, दोन योजना

बेळगावात भागत नाही म्हणून आपली माणसे सीमा ओलांडतात. निपाणीकर कोल्हापूरला जातात, भालकीकडील लोक उदगीर-लातूरला, कारवारचे लोक गोव्यात बांबोळीला. मिरजेला उपचारासाठी जाण्याची परंपरा तर वॉनलेस रुग्णालयापासूनची, म्हणजे शंभरावर वर्षांची आहे. पण तेथे भाषा मिळाली तरी रहिवासाचा पुरावा आडवा येतो. गोव्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात १ जानेवारी २०१८ पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झाले.

महाराष्ट्र सरकारने २०२३ साली महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना ८६५ गावांना लागू करण्याचे ठरवले आणि त्यासाठी ५४ कोटी रुपयांची तरतूद जाहीर केली. कर्नाटकने यास हरकत घेतली आणि जानेवारी २०२४ मध्ये बेळगाव भागात अर्ज भरून घेणारी केंद्रे प्रशासनाने बंद पाडली. आजारी माणसाचा अर्ज भरून घेण्यात कोणत्या राज्याच्या सार्वभौमत्वाला धक्का बसतो, हे आम्हाला कळलेले नाही.

तथापि महाराष्ट्रालाही एक गोष्ट सुनावली पाहिजे. ही योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल करून करावयाच्या उपचारांची आहे. मूत्रपिंड निकामी झाल्यावर डायलिसिसला ती उपयोगी पडेल, हृदयाच्या शस्त्रक्रियेला पडेल. पण मूत्रपिंड निकामी होऊ नये म्हणून दरमहा लागणाऱ्या गोळ्या, तपासण्या आणि तज्ज्ञांची फी यांचा भार रुग्णावरच राहतो. मधुमेह्याची खरी गरज तीच आहे.

आणि कर्नाटकच्या योजना? असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यांत मधुमेहाची तपासणी व नेहमीची औषधे मोफत मिळणे अपेक्षित आहे. घरोघरी जाऊन तपासणी करण्याची ‘गृह आरोग्य’ योजना कर्नाटकने २०२४ साली कोलार जिल्ह्यातून सुरू केली. योजना चांगल्या आहेत. कर भरणारे नागरिक म्हणून त्यांवर आपला पूर्ण हक्क आहे. रागाच्या भरात किंवा अभिमानापोटी कोणी त्यांकडे पाठ फिरवू नये.

तत्त्व एकच असावे

२०२४ साली कन्नड विकास प्राधिकरणाने राज्याच्या आरोग्यमंत्र्यांकडे मागणी केली की, सरकारी रुग्णालयांतील डॉक्टरांनी औषधाची चिठ्ठी कन्नडमध्ये लिहावी. रुग्णाला आपले औषध आपल्या भाषेत कळावे, हे त्यामागचे तत्त्व आम्हाला मान्य आहे. आमचे म्हणणे इतकेच की, जे तत्त्व हावेरीच्या कन्नड शेतकऱ्याला लागू, ते खानापूरच्या मराठी शेतकऱ्यालाही लागू असावे. तसेच ते जत आणि अक्कलकोट तालुक्यांतून सांगली-सोलापूरला जाणाऱ्या कन्नड भाषक आजीलाही लागू असावे. महाराष्ट्राने तेथे कन्नड माहितीपत्रके ठेवली तर आपली मागणी दुबळी होणार नाही, उलट तिला नैतिक बळ मिळेल.

कायद्याचा आधारही आहे. कोणत्याही नागरिकाला आपले गाऱ्हाणे संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा अधिकार घटनेच्या ३५० व्या अनुच्छेदाने दिला आहे. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याकांचे प्रमाण १५ टक्के किंवा त्याहून अधिक आहे, तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत प्रसिद्ध कराव्यात, हे भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाच्या योजनेत मान्य झालेले आहे. सातबाऱ्यासाठी आपण या तरतुदीचा आग्रह धरला. इन्सुलिनच्या सूचनापत्रासाठी तो का धरू नये?

आपण काय करावे?

निकाल लागेपर्यंत थांबणे मधुमेह्याला परवडणारे नाही. म्हणून काही गोष्टी आपल्याच हाती घ्याव्या लागतील. प्रत्येक रुग्णाने एक वही ठेवावी. साखरेचे आकडे, औषधांची नावे, मनातल्या शंका आधीच लिहून न्याव्यात. बाहेर पडण्यापूर्वी ‘कोणती गोळी, किती, जेवणाआधी की नंतर’ हे आपल्या तोंडाने पुन्हा म्हणून दाखवावे आणि चुकल्यास दुरुस्त करून घ्यावे. पाय आणि डोळे तपासा, असे स्वतःहून म्हणावे. त्यात संकोच कसला?

महिला मंडळे, युवक मंडळे आणि समितीचे कार्यकर्ते यांनी मोठ्या रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात आळीपाळीने दोन्ही भाषा जाणणारा एक माणूस बसवावा. आपल्या भागातील मराठी डॉक्टरांनी पायांची निगा, इन्सुलिन आणि आहार या तीन विषयांवर एकेका पानाची पत्रके लिहून द्यावीत. ती छापण्याची आणि गावोगाव पोहोचवण्याची जबाबदारी आम्ही घेतो. ग्रामपंचायतींनी तालुका आरोग्याधिकाऱ्यांकडे मराठी सूचनापत्रकांची लेखी मागणी करावी आणि पोच घ्यावी.

आमच्याकडे आलेले ते शेतकरी आता दर रविवारी मुलाकडून तळवे तपासून घेतात. त्यांना कोणी मराठीत एकदाच नीट समजावून सांगितले, तेवढे पुरले. हे समजावणे बोटे जाण्याच्या आधी व्हावे, एवढीच आमची मागणी आहे. तिच्यासाठी कोणत्याही राज्याची सीमा हलवावी लागत नाही.