पळालेले आणि राहिलेले

तुरुंग फोडून पळालेल्या बंद्यांची कथा पडद्यावर आली की प्रेक्षकाचे मन नकळत पळणाऱ्याच्या बाजूला झुकते. १९६३ सालचा ‘द ग्रेट एस्केप’ हा चित्रपट याच जातीचा. त्यामागील सत्य मात्र दारुण आहे. मार्च १९४४ मध्ये जर्मनीच्या युद्धबंदी छावणीतून दोस्त राष्ट्रांच्या हवाई दलांचे ७६ जण भुयारातून निसटले. त्यांपैकी ७३ पुन्हा पकडले गेले आणि ५० जणांना हिटलरच्या आज्ञेने गोळ्या घालण्यात आल्या.

अशा कथेसाठी महाराष्ट्राला परमुलखात जाण्याचे कारण नाही. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांच्या साथीदारांनी सांगलीचा तुरुंग फोडला. पहारेकऱ्यांच्या बंदुका हिसकावून ते तटावरून बाहेर पडले. पाठलागात अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव यांना हौतात्म्य आले. दादा स्वतः खांद्यात गोळी लागून पकडले गेले. पुढे १९७७ साली तेच या राज्याचे मुख्यमंत्री झाले. परक्या सत्तेचा तुरुंग फोडणे हा त्या काळी पराक्रम होता, आणि लोकांनी तो तसाच मानला.

या घटनेला सत्त्याहत्तर वर्षे आणि एक दिवस लोटला असता, २५ जुलै २०२० रोजी, आमच्या जळगावच्या कारागृहातूनही तीन बंदी पळाले. पहाऱ्यावरील शिपायावर पिस्तूल रोखून त्यांनी बाहेरची वाट धरली. येथे मात्र गौरवाला तिळमात्र जागा नाही. राज्य आपले आहे, कायदा आपला आहे, आणि तो मोडणाऱ्याला ‘वीर’ म्हणणे ही शुद्ध आत्मवंचना होय. तथापि सगळा दोष एका शिपायाच्या माथी मारून मोकळे होणेही आम्हांस मान्य नाही. पिस्तूल काही तुरुंगाच्या अंगणात उगवत नाही. त्याला आत येण्याची वाट कोणीतरी मोकळी ठेवलेली असते. अशी वाट राहते ती पहारा ढिला पडतो आणि गर्दी आवरेनाशी होते तेव्हा.

ही गर्दी किती? केंद्र सरकारच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातील कारागृहांत ४,३६,२६६ बंद्यांची सोय होती आणि प्रत्यक्षात ५,७३,२२० बंदी होते. त्यांतील ४,३४,३०२, म्हणजे चारांतील तीन, कच्चे कैदी होते. कायद्याच्या दृष्टीने त्यांचा गुन्हा अद्याप शाबीत व्हावयाचा होता. हे कच्चे कैदी जरी वगळले, तरी गर्दीचा प्रश्न उरत नाही. आज किरकोळ आरोपावरून आलेला तरुण सराईत गुन्हेगाराच्या शेजारी दिवस कंठतो, आणि तेथेच त्याचे खरे शिक्षण होते.

एखादा बंदी पळाला की नाकेबंदी होते, पथके सुटतात, वर्तमानपत्रांचे रकाने भरतात. ते योग्यच आहे. परंतु जो पळाला नाही, जो तारखेमागून तारीख मोजत भिंतीआड बसला, त्याच्या खटल्यामागे कोण धावते? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९ व्या कलमात यावर उपाय सांगितला आहे. फाशी वा जन्मठेपेचा गुन्हा नसेल आणि अन्य खटले प्रलंबित नसतील, तर पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ तुरुंगात काढल्यावर त्याला बंधपत्रावर सोडावे, आणि त्यासाठी कारागृह अधीक्षकानेच न्यायालयाकडे अर्ज करावा, असे ते कलम सांगते. जळगाव आणि धुळे येथील कारागृहांतून असे किती अर्ज गेले, याचा हिशेब जनतेपुढे आला पाहिजे. पहाऱ्यावर पुरेसे मनुष्यबळ हवे, झडती कडक हवी. पण ज्यांचे जागेवर राहणेच अन्याय्य आहे, त्यांना सोडणे हाही पहाऱ्याचाच भाग आहे.

धुळ्याच्या तुरुंगाने एकेकाळी निराळे दृश्य पाहिले आहे. १९३२ साली, फेब्रुवारीपासून जूनपर्यंत, दर रविवारी विनोबा तेथे गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते शब्द टिपून घेत. बंदिवासातही माणूस घडू शकतो, याची खानदेशाजवळ ही साक्ष आहे. विनोबांची योग्यता तुरुंगांना आणता येणार नाही. मात्र वेळच्या वेळी न्याय देणे सरकारच्या हाती निश्चित आहे. तो मिळाला, तरच तुरुंगाच्या भिंतीला नैतिक बळ राहील. दगडविटांची भिंत काय, ती सांगलीलाही होती!