जुन्या लेन्सला रेट्रो कॅमेरा मानवतो का?

आत अद्ययावत सेन्सर आणि बाहेर १९७०-८० च्या दशकांतील फिल्म कॅमेऱ्याचा पोशाख, अशा ‘रेट्रो’ डिजिटल कॅमेऱ्यांचे आकर्षण वाढले आहे. वडिलांची किंवा काकांची जुनी मॅन्युअल लेन्स कपाटात सापडली, की तिच्यासाठी जुन्या वळणाचाच कॅमेरा हवा, असे अनेकांना साहजिकच वाटते. हा समज तपासून पाहायला हवा. विद्यार्थ्याच्या खिशाला कॅमेऱ्याची किंमत लहान नसते आणि निर्णय चुकला तर लेन्स पुन्हा कपाटातच जाते.

पहिला प्रश्न अंतराचा. लेन्सचा माउंट आणि फिल्म किंवा सेन्सर यांतील अंतर प्रत्येक पद्धतीत ठरलेले असते. १९५९ पासून चालत आलेल्या निकॉनच्या एफ माउंटमध्ये ते ४६.५ मिलिमीटर आहे. कॅननच्या जुन्या एफडी माउंटमध्ये ४२ मिलिमीटर. आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत हे अंतर बरेच कमी असते : सोनीच्या ई माउंटमध्ये १८, तर निकॉनच्या झेड माउंटमध्ये १६ मिलिमीटर. एफ माउंटची लेन्स झेड कॅमेऱ्यावर बसवायची, तर उरलेले ३०.५ मिलिमीटर अंतर अडॅप्टरने भरून काढता येते. उलट, एफडी लेन्स एफ माउंटच्या कॅमेऱ्यावर बसवली तर ती सेन्सरपासून आधीच अधिक दूर राहते. मग अडॅप्टरमध्ये जादा भिंग घातल्यावाचून दूरच्या वस्तूंवर फोकस होत नाही.

२०१३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जाहीर झालेले दोन कॅमेरे या संदर्भात शेजारी ठेवून पाहावेत. निकॉन डीएफ हा आरशाचा कॅमेरा दिसायला हुबेहूब जुना होता, आणि १९७७ पूर्वीच्या निकॉन लेन्सही बसाव्यात म्हणून त्याच्या माउंटवर दुमडणारी कळ दिली होती. सोनी ए७ च्या रूपात जुनेपणाचा फारसा आव नव्हता. परंतु पूर्ण आकाराचा सेन्सर आणि १८ मिलिमीटरचे अंतर यांमुळे अनेक कंपन्यांच्या जुन्या लेन्स त्याच्यावर साध्या अडॅप्टरने चालू लागल्या.

दुसरा प्रश्न फोकसचा, आणि तोच निर्णायक आहे. ५० मिलिमीटरची लेन्स एफ/१.४ वर, दीड मीटर अंतरावरील चेहऱ्यासाठी वापरली, तर ०.०३ मिलिमीटरची धूसरता क्षम्य मानण्याच्या फिल्मकालीन मापाने सुमारे ७ सेंटीमीटर खोलीचा भाग स्पष्ट दिसतो. मात्र २४ मेगापिक्सेलच्या पूर्ण आकाराच्या सेन्सरवर एक पिक्सेल सुमारे ०.००६ मिलिमीटरचा असतो. म्हणजे फिल्मच्या काळातील क्षम्य धूसरता आता पाच पिक्सेल व्यापते. एका पिक्सेलइतकीच धूसरता चालवून घ्यायची, तर ती खोली दीड सेंटीमीटरच्या आसपास येते. पापणीवर फोकस आणि नाक धूसर, असे घडते ते यामुळेच.

जुन्या कॅमेऱ्यांच्या फोकस-काचेवर मध्यभागी दुभंगलेली प्रतिमा दिसे. दोन तुकडे जुळले की फोकस साधला. ऑटोफोकसच्या काळातील काचा उजळ झाल्या, पण एफ/१.४ ची लेन्स लावूनही त्यांवर साधारण एफ/२.८ इतकी खोली स्पष्ट भासते. डीएफमध्ये दुभंगलेल्या प्रतिमेची काच नव्हती आणि काच बदलण्याची सोयही नव्हती. फोकस दाखवणारा दिवा होता, पण डोळ्याला स्वतः खात्री करून घेण्याचे जुने साधन गेले होते. हातांनी करायच्या कामाचा पोशाख होता. ते काम करणाऱ्या डोळ्याची सोय मात्र अपुरी राहिली.

इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमध्ये सेन्सरवरचीच प्रतिमा मोठी करून पाहता येते. २०२३ च्या निकॉन झेडएफमध्ये ही सोय आहे, सेन्सर हलवून हाताचा कंप शमवण्याची व्यवस्थाही आहे. लेन्सची नाभीय लांबी नोंदवली, की साठ वर्षांपूर्वीच्या लेन्सलाही तिचा लाभ मिळतो. तो कॅमेरा जुन्या लेन्सला मानवतो ते या गुणांमुळे, आणि हे गुण साध्या रूपाच्या कॅमेऱ्यांतही मिळतात.

मग रेट्रो रूप केवळ शोभेचे म्हणावे काय? तसेही नाही. झेडएफच्या माथ्यावर शटर आणि आयएसओ यांच्या स्वतंत्र चकत्या आहेत. त्याच्या सोबतीला आलेल्या जुन्या धाटणीच्या ४० मिलिमीटर लेन्सवर ॲपर्चरचे कडे नाही. खऱ्या जुन्या लेन्सवर ते असते. ती लावली, की प्रकाशाचे तिन्ही निर्णय डोळ्यांसमोर आणि बोटांखाली येतात. शिकणाऱ्यासाठी ही मांडणी मोलाची आहे. मात्र अशा लेन्सचे ॲपर्चर कडे फिरवताच प्रत्यक्ष मिटते; म्हणून ते पूर्ण उघडे ठेवून फोकस करावा आणि नंतर हवे तेवढे मिटवावे.

लहान सेन्सरच्या रेट्रो कॅमेऱ्यांबाबत आणखी एक हिशेब ध्यानी घ्यावा. निकॉन झेडएफसी किंवा फुजीफिल्मच्या एक्स मालिकेतील कॅमेऱ्यांवर ५० मिलिमीटरची लेन्स सुमारे ७५ मिलिमीटरच्या लेन्सइतकेच क्षेत्र टिपते. खोलीतले कौटुंबिक छायाचित्र घेताना पाठ भिंतीला टेकते.

म्हणून खरेदीपूर्वी क्रम असा असावा : आधी माउंटचे अंतर, मग सेन्सरचा आकार, मग व्ह्यूफाइंडरमधील मोठी प्रतिमा आणि कंपशमन. या कसोट्यांवर दोन कॅमेरे सारखे उतरले, तर जुन्या चकत्यांचा खुशाल निवडावा. आणि त्याआधी लेन्समध्ये विजेरीचा प्रकाश टाकून पाहावा. आपल्या पावसाळी दमटपणात काचेवर वाढलेली बुरशी कोणताही कॅमेरा पुसू शकत नाही.